गॉब्लिनला मराठी नाव दिलं, पुढे काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समज चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही साताऱ्यात चार जणांचा गट जमवलाय, दर रविवारी तीन तास डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळता: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, निकाल फाशांवर. हातात 'लॉस्ट माईन ऑफ फँडेल्व्हर' हे तयार कथेचं पुस्तक (मोड्यूल) आहे, 2014 च्या स्टार्टर सेटमधलं. सगळं आपल्या मुलखात आणायचं म्हणून नावं मराठी केलीत, बरीच पानं वहीत भाषांतर करून ठेवलीत, आणि गॉब्लिनांच्या, म्हणजे छोट्या दुष्ट राक्षसांच्या, क्रॅगमॉ किल्ल्याच्या जागी अजिंक्यतारा घातलात. पहिल्याच रविवारी पोरांनी एक गॉब्लिन जिवंत धरला, त्याला बोलतं केलं, आणि आता त्यांना थेट किल्ल्यावर जायचंय, तेही पहिल्या लेव्हलला, पात्रं अगदी नवखी असताना. त्यांना अडवू, की पुस्तक बाजूला ठेवून नवीन लिहू, असं तुम्ही विचारताय. (हे मोड्यूल कुणाला खेळाडू म्हणून खेळायचं असेल तर इथेच थांबा. पुढे मी सगळं फोडलंय.)

अडवूही नका आणि नवीनही लिहू नका. तुमच्या प्रश्नात दोन अडचणी एकमेकींत गुंतल्यात. पोरं पुस्तकाबाहेर गेली असं तुम्हाला वाटतंय, पण ती गेलेली नाहीत. आणि ॲडव्हेंचर साताऱ्यात आणताना एक खिळा चुकीच्या जागी ठोकला गेलाय, त्याकडे तुमचं लक्ष नाही. आधी पहिली अडचण घेते.

मी सांगलीत अकरा वर्षं खेळ चालवते. हेच मोड्यूल चार वेगवेगळ्या गटांबरोबर चालवलं. पहिल्या वेळी तुमच्यासारखंच केलं होतं. 64 पानांचं पुस्तक, त्यातली बावीस पानं दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवली. खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवायचा चौकटीतला मजकूर असतो, त्याचा सरावसुद्धा केला, आरशासमोर. रस्त्यात दोन मेलेले घोडे, अंगात काळ्या पिसांचे बाण, असं सगळं आवाजात चढउतार आणून वाचलं. वाचून संपलं आणि माझ्या मावसभावाने विचारलं, "ताई, घोडे कुणाचे?" उत्तर पुढच्याच परिच्छेदात होतं, पण तो मी अजून उतरवला नव्हता. पाच मिनिटं पानं चाळली. तोवर दोघं चहा आणायला उठले.

चुकले ते इथे: मी पुस्तकातली वाक्यं सांभाळत बसले, आणि टेबलावर कुणी वाक्यं विचारत नाही. घोडे कुणाचे, त्यांना कुणी मारलं, कशासाठी, आता ते लोक कुठे आहेत, एवढंच विचारतात. तेव्हापासून मी मोड्यूल शेवटून वाचते. आधी शेवटचं प्रकरण, मग त्याच्या आधीचं, असं मागे मागे येत. मग एका पानावर फक्त कुणाला काय हवंय ते लिहिते.

या मोड्यूलचं ते पान असं दिसतं. ब्लॅक स्पायडर म्हणवणाऱ्या नेझनारला वेव्ह एको केव्हमधली हरवलेली खाण हवी आहे. खाणीचा पत्ता गंड्रेनला, म्हणजे खेळाडूंना काम देणाऱ्या बुटक्याला, लागलाय. म्हणून नेझनारने क्रॅगमॉ टोळीला गंड्रेनला धरायला सांगितलं आणि गॉब्लिनांनी त्याला किल्ल्यावर राजा ग्रोलकडे पोचवलं. गंड्रेनसोबतचा योद्धा सिल्डार अजून गॉब्लिनांच्या गुहेतच बंदी आहे. गुहेचा मुख्य क्लार्ग. त्याच्या हाताखालच्या यीमिकला क्लार्गची जागा हवी आहे, आणि त्यासाठी तो सिल्डारच्या जिवाचा सौदा करायलाही तयार आहे. गावात रेडब्रँड गुंडांचा जाच आहे. त्यांचा म्होरक्या ग्लासस्टाफ, तोही आतून नेझनारचाच माणूस.

हे पान समोर ठेवून तुमच्या पोरांकडे बघा. त्यांनी गॉब्लिन धरला, विचारपूस केली, गंड्रेनला कुठे नेलं ते काढून घेतलं. शहाण्या माणसाने हेच केलं असतं. पकडलेल्या गॉब्लिनकडून माहिती मिळू शकते हे पुस्तकानेही धरलेलं आहे. म्हणजे गाडी रुळावरच आहे, फक्त वेगात आहे.

अडचण आकड्यांची आहे. किल्ल्यावर पोचेपर्यंत गट तिसऱ्या लेव्हलला असेल असा पुस्तकाचा हिशोब. तिथल्या आउलबेअरचे (घुबडाच्या तोंडाचं अस्वल) हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, 59 आणि एका फेरीत दोन हल्ले. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट सात-आठ. साध्या गॉब्लिनचा बाण बसला तरी सरासरी 5 जातात. गुहेतल्या क्लार्गच्या मॉर्निंगस्टारचे (काटेरी गदा) सरासरी 11. विझार्ड एका फटक्यात खाली.

मग करायचं काय? भिंत बांधू नका. 'दरड कोसळली, रस्ता बंद' हे एकदा चालतं. दुसऱ्यांदा पोरं ओळखतात, आणि मग खरोखरची दरड आली तरी तुमच्याकडे बघून हसतात. त्यापेक्षा त्यांना हवं असलेलं काहीतरी जवळच्या वाटेवर दाखवा. तुमच्या गॉब्लिनला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे: दुसरा माणूस अजून गुहेत आहे, जिवंत, आणि यीमिक त्याला फार दिवस पोसणार नाही. गुहा हल्ल्याच्या जागेपासून 5 मैल, आपल्या भाषेत अडीच कोस. किल्ला जंगलात खूप आत. आता ठरवायचं त्यांनी. माझ्या चारपैकी तीन गट आधी गुहेकडे वळले. चौथा हट्टाने किल्ल्याकडे गेला. मी जाऊ दिलं, पण धोका लांबूनच दाखवला: संध्याकाळी बुरुजावर मोजता येतील एवढ्या शेकोट्या, आणि पडक्या मनोऱ्यातून एक आवाज, जो ऐकून धरलेला गॉब्लिन स्वतःच जमिनीवर बसला आणि पुढे यायला नाही म्हणाला. रात्रभर झाडीत बसून त्यांनी पहारे मोजले आणि सकाळी परत फिरले. दोन आठवड्यांनी तिसऱ्या लेव्हलला आले तेव्हा त्यांच्याकडे पहाऱ्यांचा नकाशा तयार होता. एवढं सगळं पाहून कुणी घुसलंच असतं तर मी वाचवलं नसतं. याबाबतीत प्रत्येक टेबलाची रीत वेगळी असते. तुमच्यात बारा-तेरा वर्षांची मुलं असतील तर मरण्याऐवजी कैद घाला.

आता दुसरी अडचण, साताऱ्याची. तुमच्या प्रश्नात मला खरी गंमत इथे वाटली.

अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावर उभा आहे. मोती चौकातून, राजवाड्यावरून, एसटी स्टँडवरून दिसतो. आणि या मोड्यूलचा मधला सगळा भाग कशावर उभा आहे? क्रॅगमॉ किल्ला नेमका कुठे आहे हे गावात कुणालाच माहीत नाही, यावर. किल्ला शोधायला पोरं माणसांना भेटतात, गुंडांच्या तळघरात शिरतात, कैद्यांना विचारतात. तुम्ही तो किल्ला गावाच्या माथ्यावर ठेवला की शोधायला काही उरलंच नाही. तुमच्या पोरांना थेट किल्ल्यावर जावंसं वाटलं यात नवल नाही, त्यांना तो मनात रोज दिसतोय.

हीच चूक मी दंडोब्याच्या डोंगराबाबत केली होती. पंढरपूर रस्त्यावरून तो लांबूनच दिसतो. पोरं दुसऱ्या सेशनला किल्ल्यात आणि सव्वा तासात तीन जण आडवे. आम्ही त्या रात्री भडंग खात 'स्वप्न होतं' असं ठरवून पुन्हा सुरुवात केली. स्वप्नाची ती पळवाट मला आजही लाजिरवाणी वाटते.

तर किल्ला हलवा. तुमच्याकडे वासोटा आहे: बामणोलीहून लाँचने पाणी ओलांडायचं, मग घनदाट जंगलातून चढ. लांबून दिसत नाही, वाटाड्याशिवाय सापडत नाही. मोड्यूलमधल्या जंगलातल्या पडक्या किल्ल्याला असंच ठिकाण हवं. अजिंक्यताराही वाया घालवू नका. पुस्तकात गावाच्या कडेला, टेकाडावर, ट्रेसेंडार नावाचा पडका वाडा आहे आणि त्याच्या तळघरात रेडब्रँड गुंडांचा अड्डा. सगळ्या गावाला दिसतो, सगळ्यांना माहीत आहे, कुणी तोंड उघडत नाही. अजिंक्यताऱ्याची जागा ती. जागा निवडताना मी एवढंच बघते: पुस्तकात ती लपलेली आहे की डोळ्यांसमोर आहे, जवळ आहे की लांब, आत जायच्या वाटा किती. नाव आणि देखावा त्यानंतर.

आता खाणीचं. सह्याद्रीत सोन्या-चांदीची खाण घातलीत तर चालेल, जादूच्या जगात काहीही चालतं. पण आपला डोंगर काळ्या पाषाणाचा, माथ्यावर जांभा. कासच्या पठारावर उभं राहून "इथे चांदी सापडली" म्हटलं की टेबलावरचा एखादा शेतकऱ्याचा पोरगा नाक मुरडणारच. माझ्या टेबलावर मुरडलं होतं. मी त्याला विचारलं, मग आपल्याकडे गावं कशावरून भांडतील? तो म्हणाला, "पाण्यावरून, आणि काय."

दुसऱ्या खेपेपासून मी खाण काढून टाकली आणि तिच्या जागी पाणी घातलं. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणदेशात 500 च्या आसपास. एवढा फरक असलेल्या मुलखात डोंगराच्या पोटात हरवलेला एक मोठा झरा म्हणजे सोन्यापेक्षा मोठा खजिना. पुस्तकात ती खाण बुटके आणि नोम या दोन ठेंगण्या जमातींतल्या जुन्या कराराने चालायची. माझ्याकडे तो तीन गावांचा पाण्याच्या पाळीचा करार झाला, पाचशे वर्षांपूर्वी लढाईत मोडलेला. गंड्रेनला सापडला तो झऱ्याचा मार्ग. नेझनारला तो ताब्यात घेऊन खालची सगळी गावं मुठीत ठेवायची आहेत. वेव्ह एको केव्ह हे नाव तिथे आतून थोड्या थोड्या वेळाने घुमणाऱ्या लाटांच्या आवाजावरून पडलंय, तेव्हा तो आवाज मला बदलावाच लागला नाही. खजिन्याची किंमत, राक्षसांची संख्या, खोल्यांचा नकाशा, सगळं पुस्तकातलंच राहिलं. बदललं ते एकच, लोक कशासाठी मरायला-मारायला तयार आहेत ते. पण त्यामुळे गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलणं सोपं झालं, कारण पाण्याबद्दल मत नसलेला माणूस आपल्याकडे मिळत नाही. गावचा प्रमुख हार्बिन वेस्टर पुस्तकात रेडब्रँडांना घाबरून असतो. मी त्याला "बघू, करू, मीटिंग लावू" एवढी तीन वाक्यं दिली. टेबलावर कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

बाकीच्या गोष्टींतही असंच: वस्तू बदला, तिचं काम तेच ठेवा. पुस्तकात अगाथा नावाची बॅन्शी, म्हणजे एका बाईचं भूत, आहे. तिला चांदीची फणी भेट द्यायची, अदबीने बोलायचं, मग ती एका प्रश्नाचं उत्तर देते. तिचं काम तीन गोष्टींचं: भेट, अदब, एकच प्रश्न. तुमच्या तालुक्यात लिंबची बारा मोटेची विहीर आहे, अष्टकोनी, पायऱ्या उतरत जायचं आणि आत चक्क छोटा महाल. तिथे जखीण बसवा आणि फणीऐवजी खणा-नारळाची ओटी ठेवा. माझ्या एका खेळाडूने न सांगता ओटीत हळद-कुंकू घातलं आणि "आई, येऊ का आत?" असं विचारलं. मी फासे टाकायलाच लावले नाहीत. पण विहिरीचं खरं नाव खेळात घेऊ नका. आकार घ्या, नाव बनावट द्या. खऱ्या नावाबरोबर खरी माणसं, खरे देव आणि खरे वाद टेबलावर येतात.

तळघरांबाबत सांगलीकर म्हणून एक फुकटची देणगी. आमच्याकडे हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, वरून लिंपून बंद. 2005 च्या महापुरात पाणी शिरून बरीच खराब झाली. बंद पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही, आत श्वास कोंडतो. आधी कंदील सोडून बघतात. मी गुंडांचा माल अशा पेवात ठेवला. खेळाडूंनी मशाल खाली सोडली, ती विझली. मी कॉन्स्टिट्यूशन सेव्हची, म्हणजे पात्राचं शरीर तग धरतं का ते फाशांवर बघायची, तयारी करून बसले होते, तर ज्याचे आजोबा हळदीच्या पेठेत हमाल होते तो मुलगा म्हणाला, "कुणी उतरू नका. तोंड उघडं ठेवून थांबायचं." सापळा फुकट गेला आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. तो मुलगा इंग्रजी नावांमुळे तीन सेशन गप्प बसला होता, त्या दिवसापासून गटाचा पुढारी झाला. स्थानिक रंग मी एवढ्यासाठीच भरते: खेळाडूला घरून माहीत असलेली गोष्ट खेळात उपयोगी पडावी.

दोन ठिकाणी मात्र मी कडक आहे.

गॉब्लिन, ऑर्क, लुटारू टोळी यांच्या जागी खरा कुठलाही समाज बसवू नका. जंगलात राहणारा, भटकणारा, डोंगरातला, कुठलाच नाही. 'आपल्याकडचे' लुटारू म्हणून जी नावं चटकन तोंडात येतात, त्यातल्या अनेक समाजांवर इंग्रजांनी 1871 पासूनच्या कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता, तो 1952 साली निघाला. ती माणसं सातारा-सांगलीत आहेत, कदाचित तुमच्या टेबलावरही आहेत. गॉब्लिनला गॉब्लिनच राहू द्या, किंवा वेताळाची फौज करा. आणि त्यांना गावाकडची बोली देऊन विनोद करू नका. माझे गॉब्लिन शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलतात: "आपण कोठून आलात? कृपया शस्त्रे खाली ठेवावीत." हे ऐकून सगळे जास्त घाबरतात.

दुसरं, महाराज, मावळे, समर्थ यांना पात्र म्हणून आणू नका. आदराचा भाग आहेच. शिवाय ते समोर आले की तुमचे खेळाडू आपोआप मागे उभे राहतात, आणि खेळ तर त्यांच्यासाठी आहे.

आकड्यांचं थोडक्यात. सुरुवातीला फार हात लावू नका. गोल्ड पीसला होन म्हणा, भाव तेच ठेवा. मोड्यूल चार-पाच जणांसाठी आहे, तुम्ही चार आहात, ठीक आहे. एखाद्या रविवारी तिघंच आले तर राक्षसांचे हिट पॉइंट कमी करण्यापेक्षा एक राक्षस कमी करा. कारण एका फेरीत कुणाचे किती वार होतात यावर लढाई फिरते. पहिल्या हल्ल्यातल्या चार गॉब्लिनांपैकी दोघं अंगावर येतात, दोघं 30 फुटांवरून बाण मारतात. त्यातला एक तिरंदाज काढला की लढाई बरीच हलकी होते.

तीन तासांच्या रविवारात सगळं पुस्तक बसत नाही, बसवायचंही नाही. मी ओल्ड आउल वेल आणि वायव्हर्न टॉर या दोन्ही आडवाटा काढून टाकते. त्यामुळे अनुभवाचे गुण कमी पडतात, म्हणून लेव्हल गुणांवर न देता टप्प्यांवर देते: गुहा झाली की दुसरी, गावातले गुंड आटोपले की तिसरी. फक्त काढताना एक तपासा, त्या भागात पुढच्या वाटेची काही माहिती दडली होती का? असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या तोंडी द्या. किल्ल्याचा पत्ता मी नेहमी किमान तीन ठिकाणी ठेवते, कारण पोरं दोन ठिकाणं हमखास चुकवतात आणि तिसऱ्याला आग लावतात.

भाषांतराची वही टाकू नका, पण रविवारी उघडूही नका. चौकटीतल्या मजकुरातून प्रत्येक जागेच्या तीनच गोष्टी कागदावर घ्या: काय दिसतं, काय ऐकू किंवा वासाने कळतं, आणि काय खटकतं. बाकी तोंडाने सांगा. आपण गोष्ट सांगतो तेव्हा वाचल्यासारखं बोलत नाही.

येत्या रविवारपुरतं सांगायचं तर किल्ला गपचूप वासोट्याकडे सरकवा. पोरांनी अजून तो पाहिलेला नाही, त्यामुळे ही फसवणूक होत नाही. कुणी विचारलंच तर धरलेला गॉब्लिन म्हणेल, "वरचा तो? तो नव्हे. तिथे तर गावातले राहतात," आणि गुंडांच्या अड्ड्याचा धागा आयता हाती येईल. त्या गॉब्लिनला नाव द्या, कारण पोरं त्याला सोडणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. त्याला क्लार्गची भीती आणि यीमिकचा राग द्या. आणि गुहेतला पाण्याचा सापळा, वरच्या डबक्याचा बांध फोडून गॉब्लिन खाली लोंढा सोडतात तो, वाचून ठेवा. तुमचा गॉब्लिन त्याबद्दल आधी सांगेल की नाही, हे पोरांनी त्याला रात्री जेवायला दिलं होतं का यावर ठरवा.